उपनगराला स्वतःचा चेहरा कशामुळे येतो?

आज दुपारभर एका जुन्या उपनगरात नुसती पायी फिरले आणि सारखं वाटत होतं की काही भाग इतके पटकन आपलेसे का वाटतात. छोटे रस्ते, जवळजवळ वळणं, त्यामुळे चालायचा कंटाळाच येत नाही. शहरांवर लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्येच लिहिलंय की जुन्या-नव्या इमारती शेजारी शेजारी हव्यात, कारण जुन्या जागेचं भाडं कमी असतं आणि छोटे धंदे, नवे प्रयोग तिथेच तग धरतात (त्या मोठ्या शहरांबद्दल बोलत होत्या, पण इथेही पटतं). सगळं एकदम पाडून एकसारखे टॉवर उभे केले की आधी हेच जातं, जीव तुटतो अगदी. झाडं तर हवीतच, पण सावलीत बाकच नसेल तर वयस्कर माणसं बाहेर पडणार कशी?