उसवायचा दिवस

आज सुट्टी, आणि दुसरं काहीही हाती घ्यायचं नाही हे सकाळीच ठरवून टाकलं होतं. कपाटाच्या तळाशी पडलेला निळा स्वेटर काढला. कोपरावर भोक, मनगटाची कड सुटलेली. कुणाला द्यावा असा तो राहिलेला नाही आणि टाकवतही नाही. म्हणून तो उसवून त्याच्या लोकरीची काटक्यांवर सजावट करायची.

उसवण्याआधी स्वेटर उलटा करून आतली शिवण बघायची, हे महत्त्वाचं. पाठ, पुढा, बाह्या वेगवेगळ्या विणून मग जोडलेल्या असतील, तर जोडाचा दोरा कापला की तुकड्यातुकड्याची सलग लोकर निघते. कडा कापून वर इंटरलॉकची टीप मारलेली असेल, तर मात्र दर ओळीला धागा तुटतो. तसे तुकडे गोंड्यांना चालतात, गुंडाळायला नाही. माझा स्वेटर विणून जोडलेला निघाला. उसवायचं तेही विणकाम जिथे बंद केलंय त्या बाजूने. सुरुवातीच्या टाक्यांकडून ओढलं तर धागा टाक्याटाक्याला अडतो. बरोबर टोक हाती लागलं की सर्रकन ओळीच्या ओळी सुटत जातात. मला विणण्यापेक्षा हेच जास्त आवडतं, कुणी काहीही म्हणो.

निघालेली लोकर ओल्या वेणीतून मोकळ्या केलेल्या केसांसारखी नागमोडी असते. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी केली, चार ठिकाणी सैल बांधली, कोमट पाण्यात भिजवली आणि खाली थोडं वजन अडकवून वाळत टाकली. वाळेपर्यंत धाग्याचं एक टोक चिमट्यात धरून, पाण्याची वाटी शेजारी ठेवून, जाळून पाहिलं. खरी लोकर असती तर जळक्या केसांचा वास आला असता आणि राख बोटांत चुरली गेली असती. इथे धागा वितळून काळा, टणक मणी झाला. म्हणजे ॲक्रिलिक. याला गरम इस्त्री लावायची नाही, एवढं लक्षात ठेवलं.

खऱ्या लोकरीचा एक आटलेला स्वेटरही घरात आहे. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकून कापड घट्ट होतं, परत सुटत नाही. अंगात घालायला तो बाद झाला, पण कात्रीने कसाही कापा, कडेचा एक धागा निघत नाही. त्याची पानं कापली, लहानमोठी, आकार मुद्दाम जुळवला नाही.

सजावटीसाठी काटक्या वाऱ्याने पडलेल्याच घेते. हिरवी फांदी वाळताना आकसते आणि तिच्यावर गच्च गुंडाळलेली लोकर सैल पडते, साल सुटते ते वेगळंच. वाकवल्यावर कट्‌कन मोडली की समजायचं वाळली. भोकं किंवा भुसा दिसला तर आत कीड असते, ती काटकी घरात आणायचीच नाही.

आजचं मुख्य काम बेचकीचं, म्हणजे दोन फाटे फुटलेल्या काटकीचं. हातभर लांबीची छान बेचकी मिळाली होती. दोन्ही फाट्यांमधून जाड दोरा आडवा ताणत खालपासून वरपर्यंत नेला आणि दर फेरीला फांदीभोवती एक वेढा दिला, म्हणजे दोरा खाली घसरत नाही. मग त्या ताणलेल्या दोऱ्यांतून निळी लोकर उभी, एका दोऱ्याखालून, एका दोऱ्यावरून. खाली फटीत बोट जात नाही, तिथे बोथट सुई. वर रुंद जागेत हात मोकळा चालतो, पण लोकर जास्त ओढली की आडवे दोरे एकमेकांकडे ओढले जातात आणि विणकाम आकसतं. म्हणून प्रत्येक ओळ थोडी कमानीसारखी सैल टाकायची आणि काट्याने, म्हणजे जेवणाच्याच, आधीच्या ओळीलगत दाबायची.

मधेच भाची आली. मी पानं एकेका धाग्याला बांधून आडव्या काटकीवर लोंबती ठेवली होती.

“मावशी, ही आपोआप का फिरतायत? पंखा तर बंद आहे.”

“धाग्याला पीळ असतो ना, वजन आलं की तो उलगडतो.”

“मग हे थांबवायचं कसं?”

तिला थांबवायचं होतं, मला फिरलेलं चालणार होतं. तिच्यासाठी तीन धाग्यांची वेणी घातली. वेणीला स्वतःचा पीळ उरत नाही, त्यामुळे पान जवळजवळ स्थिर राहिलं.

ताईचं मत पडलं की एवढ्या गाठी मारण्यापेक्षा ग्लू गन घे, वर चमकी टाक, अर्ध्या तासात होईल. होईल, नक्की होईल. पण जुन्या वस्तूंच्या सजावटीसाठी नवी चमकी, नवा स्प्रे, नव्या गोंदाच्या कांड्या आणायच्या, हे मला काही पटत नाही. शिवाय गोंद लावला की काटकी, लोकर, बटण सगळं एकमेकांना कायमचं चिकटलं. कंटाळा आला की अख्खं कचऱ्यात. गाठ मारलेली असेल तर काटकी मातीत जाते आणि लोकर परत डब्यात. म्हणून माझ्याकडे फक्त दोरा, सुई, कात्री. गोंड्याची मधली गाठसुद्धा सुती दोऱ्याने, कारण तिथे जोरात आवळावं लागतं आणि जुनी लोकर तेवढ्या ओढीला तुटते.

बेचकी भाचीने तिच्या खोलीसाठी मागितली आहे. फक्त निळ्याच्या जागी तिला लाल हवंय. देते म्हटलं, पण निळं उसवायला तू बसायचंस. अजून उत्तर आलेलं नाही.