डॉक्टर चिडत नाहीत का?

फाईलमधून माझ्या आजारावरच्या शोधनिबंधाचा छापील कागद काढून डॉक्टरांपुढे ठेवतो म्हटलं की तुम्ही हमखास विचारता, ‘ते चिडत नाहीत का हो?’ एखादे चिडतात. बाकीच्यांना मदतच होते.

पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत वर्षाला दहा लाखांहून जास्त शोधनिबंधांची भर पडते. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे, म्हणून नाशिकच्या डॉक्टरांना काही ते आपोआप पाठ होत नाहीत. माझे गंगापूर रोडचे फिजिशियन सकाळपासून डेंग्यू, शुगर, बीपी, दमा बघत असतात. मायस्थेनिया ग्रॅव्हिसचा त्यांच्याकडे मी एकटाच. त्यांना सगळे आजार सांभाळायचे, मला एकच.

या आजारात नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही. दिवस कलला की माझी डावी पापणी खाली येते, भाकरी चावता चावता जबडा दमतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिकने हा अशक्तपणा वाढू शकतो, अगदी श्वासापर्यंत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये या औषधांवर तसा ठळक इशारा छापायला लावला. आपल्याकडे लघवीच्या इन्फेक्शनला ती सर्रास लिहितात. म्हणून टाळायच्या औषधांची यादी माझ्या फाईलच्या पहिल्या पानालाच टाचलेली असते. गेल्या पावसाळ्यात नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेले. बदलीवरच्या मॅडमनी यादी वाचली, ‘बरं झालं दाखवलंत काका,’ म्हणाल्या आणि दुसरं औषध लिहिलं.

कागद मात्र एकच न्यायचा, गठ्ठा नाही. आणि नेण्याआधी आपण वाचायचा: प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर, किती जणांवर, आणि आपण त्यात बसतो का. या आजारात छातीतली थायमस ग्रंथी काढल्याने फायदा होतो, हे दाखवणारी १२६ रुग्णांची चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात १८ ते ६५ वयाचेच रुग्ण होते. मी सदुसष्ट वर्षांचा. ती ओळ अधोरेखित करून न्यूरोलॉजिस्टना एवढंच विचारलं, ‘माझ्या वयाला हे लागू होतं का?’ उत्तर देताना त्यांनी पहिल्यांदाच घड्याळाकडे पाहिलं नाही. हळदीने मायस्थेनिया बरा झाल्याचे फॉरवर्ड मलाही येतात. ते मी ओपीडीत नेत नाही, निम्मी रांग माझ्यामुळे खोळंबेल.

आता जे खरंच चिडतात, त्यांच्यापुढे मी शोधनिबंध काढतच नाही. यादी मात्र ठेवतो, आणि त्यांनी ती वाचल्याशिवाय मेडिकलवर जात नाही.