अगं, काय ते सांग ना!

हे वाक्य ऐकलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. तीस वर्षं बँकेत काउंटरवर बसले. थकलेल्या हप्त्यावरचं व्याज समोरच्याला पैशासकट सांगताना कधी अडखळले नाही. पण हातात वाकळेची घडी असते, समोर मैत्रीण पर्स उघडून म्हणते, "काय ते सांग," आणि मी गॅसवर दूध ठेवलंय असं सांगून आत पळते. गॅसवर काहीही नसतं.

वाकळ म्हणजे गोधडी. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे वाकळच म्हणतात. पुण्याला लेकीकडे नेली की तिची गोधडी होते, आणि लेकीच्या सोसायटीतल्या दिवाळीच्या प्रदर्शनात तीच क्विल्ट होऊन बसते. नाव बदलतं तसा आकडाही बदलतो. वाकळ म्हटलं की "जुनेरंच तर आहेत" म्हणून माणूस दोनशेच्या वर सरकत नाही. गोधडीला हजार-दीड हजार निघतात. क्विल्टला पाच हजाराची चिठ्ठी लावली तरी कुणी भुवई उडवत नाही, उलट धुवायची कशी ते विचारतात. धावदोरा तिन्हीकडे तोच.

अनोळखी गिऱ्हाइकाला भाव सांगायला मला काही वाटत नाही. पटलं तर घ्या, नाहीतर रामराम. घोळ होतो तो ओळखीत. त्यातही नात्यातल्यांना परवडतं, कारण त्यांना फुकटच द्यायची असते हे दोन्ही बाजूंना आधीपासून ठाऊक असतं. भाच्याच्या बारशाला बाळंतविड्यात दुपटं गेलं तर त्याचं बिल कोण लावतंय? मैत्रीण मात्र मधल्या जागेत बसलेली. फुकट दिली तर तिला अवघडल्यासारखं, पुरते पैसे मागितले तर मला. मग आम्ही दोघी मिळून एक आकडा काढतो, जो दोघींनाही खुपतो.

शुभा गेल्या उन्हाळ्यात आली ती मोठी कापडी पिशवी घेऊन. उघडली तर डांबराच्या गोळ्यांचा वास सगळ्या खोलीभर. तिच्या आईच्या साड्या. दोन इरकली लुगडी, चार सुती पाचवारी आणि एक गुलाबी सिंथेटिक. "आईला जाऊन वर्ष झालं. वहिनी भांडीवालीला द्यायला निघाली होती, म्हणून घेऊन आले. एक मोठी वाकळ कर. आणि हे बघ, पैशाचं आत्ताच सांगून ठेवते, फुकट अजिबात घेणार नाही. काय ते सांग."

"बघू गं," मी म्हटलं. सगळ्या घोटाळ्याची सुरुवात या दोन शब्दांत असते. ब्लाउज टाकायला गेलं तर शिंपी बाई माप घेतानाच "अस्तराचे सातशे" म्हणतात. फॉल-पिकोवालीचा दर दुकानाच्या काचेवरच असतो. परवा नळाचा वॉशर बदलायला आलेल्या पोराने दहा मिनिटांत तीनशे घेतले आणि मी ते "बस, चहा घे" म्हणून दिले. यातला कुणीच "बघू" म्हणत नाही.

साड्या आल्या म्हणजे लगेच शिवायला घेता येतात, असं लोकांना वाटतं. आधी फॉल उसवायचे. जुन्या टाक्यांनी फॉल असा धरून ठेवलेला असतो की ब्लेड जरा घसरलं तर साडीच फाटते. मग धुवायच्या, खळ काढायची, उजेडासमोर धरून विरलेला भाग शोधायचा. सिंथेटिकचं तर विचारूच नका. ती सुतीच्या थरात जागेवर राहतच नाही, सुई टोचली की सुळ्ळकन सरकते. ती मी बाजूला ठेवली, शुभाला वाईट वाटू नये म्हणून फक्त काठाला बोटभर पट्टी लावली. खालच्या अस्तराला इचलकरंजीचा मांजरपाट आणला. एका पाचवारीचे दोन तुकडे जोडले की एक थर होतो. असे चार थर, वर इरकलीचं तोंड, म्हणजे दिसणारी बाजू. सगळं जमिनीवर अंथरायचं, चार कोपऱ्यांना जड डबे ठेवायचे आणि गुडघ्यांवर रांगत लांब कच्च्या टाक्यांनी टाचून घ्यायचं. माझ्या गुडघ्यांचं वय बासष्ट आहे, एवढंच सांगते.

इरकली अंथरताना एक गोष्ट दिसली. खांद्यावर येणाऱ्या भागात, तळहाताएवढ्या जागेत, सुईच्या टोकाएवढी भोकं. बारकी बारकी, एकाशेजारी एक, चांदण्यासारखी. पदर जिथे पिनेने टाचायची ती जागा. शुभाची आई शाळेत शिकवायची, रोज पिन लावून जायची. मी आधी तो तुकडा आतल्या थरात घालणार होते, म्हणजे झाकला गेला असता. मग तो बाहेर घेतला, वरच्या बाजूला, हनुवटीपाशी येईल असा. या बदलासाठी अख्खं तोंड पुन्हा कापून जुळवावं लागलं. एक दुपार गेली. आता या दुपारीचे किती लावायचे?

लेकीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "आई, थांब, शीट बनवू." ती आयटीतली. तिने विचारलं, मी उत्तरं दिली. वाकळ पाच फूट बाय साडेसात फूट. बाहेरच्या कडेपासून आत चौकटीत चौकट शिवत जायचं, दोन ओळींत अर्धा इंच. म्हणजे साठ चौकटी. सगळ्या ओळी सरळ केल्या तर नऊशे फूट, म्हणजे पावणेतीनशे मीटर. इंचाला चार टाके धरले तर त्रेचाळीस हजार दोनशे टाके. हा आकडा ऐकून मी चष्मा काढून ठेवला. फुटाला तीन मिनिटं लागतात, म्हणजे नुसतं शिवायला पंचेचाळीस तास. उसवणं, कापणं, टाचणं यांचे अकरा. एकूण छप्पन. हे तास मी कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी लिहून ठेवले होते, त्यामुळे त्यात थापा नाहीत.

"आता तुझा तासाचा रेट सांग," लेक म्हणाली.

मी गप्प. बँकेत असताना माझा महिन्याचा पगार होता, त्याला तीस दिवसांनी भागता येत होतं. पण घरात बसून सुईत दोरा ओवणाऱ्या बाईच्या तासाला कुणी कधी रेट लावलाय? ती म्हणाली, "बरं, शंभर धरू. शंभर काहीच नाहीत हं." छप्पनशे. मांजरपाट आणि दोरा सातशे. वर पंधरा टक्के नफा. शीटने खाली हिरव्या चौकोनात आकडा दाखवला, सात हजार दोनशे पंचेचाळीस. मी हसायलाच लागले. शुभाला सात हजार दोनशे पंचेचाळीस रुपये सांगायचे! चौथीपासून एका बाकावर बसलेली मुलगी ती. माझ्या लग्नात माझ्या हातावरची मेंदी तिने काढलीय, तिच्या त्या तीन तासांचे किती?

आजोळी हा प्रश्न नव्हता. कऱ्हाडजवळ कृष्णाकाठी गाव. घटस्थापनेच्या आधी घरातल्या यच्चयावत वाकळा घाटावर धुवायला जायच्या. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही, दोन टोकांना दोघी उभ्या राहून पिळायच्या आणि आम्ही पोरं खाली तोंड करून ते पाणी अंगावर घ्यायचो. धुताना विरलेल्या वाकळा बाजूला निघत, आणि दिवाळीनंतर त्यांना नवं जुनेर चढवायला एक म्हातारी बाई यायची. चार-सहा दिवस ओट्यावर बसून शिवायची. दोन वेळचं जेवण, चहा, जाताना पायलीभर शाळू ज्वारी आणि एखादं बरं लुगडं. ठरलेलं होतं, कुणी कुणाला "काय ते सांग" म्हणत नव्हतं. मला कधीकधी वाटतं तेच बरं होतं, आणि लगेच तिची बोटं आठवतात. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक चाळणीसारखं. ती अंगुस्तान घालायची नाही. त्या बोटाचं काही पायलीत धरलेलं नव्हतं. शाळू मोजून द्यायचे, वर मूठभरही नाही. आजी माझी होती म्हणून मी ते गोड मानायचं कारण नाही.

मी स्वतः कमी मागून एकदा चांगली फसलेय. निवृत्त झाल्यावर पहिली मोठी वाकळ भिशीतल्या एकीला दिली होती, आठशे रुपयांत. त्यात दोरा आणि अस्तरच साडेपाचशेचं. दोन वर्षांनी तिच्या गाडीतून नरसोबाच्या वाडीला गेलो, वाटेत चाक बसलं, ड्रायव्हरने डिकी उघडली. स्टेपनीखाली माझी वाकळ. ग्रीसचे डाग, एका कोपऱ्याचं फूल लोंबतंय. वाडीला दत्तासमोर हात जोडले खरे, डोळ्यांसमोर मात्र ती स्टेपनीच.

परत येताना विचार केला, चूक तिची की माझी? आठशेची वस्तू आठशेच्या जागी ठेवली तिने. आठ हजार घेतले असते तर दिवाणखान्यात सोफ्यावर घडी घालून दिसली असती. आणि तसं म्हटलं तर वाकळ ही काही मखरात बसवायची चीज नाही. लुगडं विरलं की वाकळ, वाकळ विरली की पायपुसणं, ते विरलं की सारवायला पोतेरं. आमच्याकडे कापड असंच मातीला मिळतं. गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत, ते काही हेटाळणीने नव्हे. तेव्हा वाकळ स्टेपनीखाली गेली याचं दुःख नाही, ती दोन वर्षांतच गेली याचं आहे. वीस वर्षांनी गेली असती तर मीच डिकीत घातली असती.

कोपऱ्यातल्या फुलाचा उल्लेख आलाच आहे तर सांगते. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी जमातीच्या बायका, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, कवंदी करतात, आपल्या वाकळेची बहीणच. त्यांच्या कवंदीच्या चारी कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुलं असतात, त्यांच्याशिवाय कवंदी उघडी पडते असं त्या मानतात. मी ते पाहिल्यापासून माझ्या वाकळांना फुलं लावते. एका फुलाला अर्धा तास जातो. फुलांचे पैसे मात्र मी कुणाकडूनच घेत नाही, अनोळखी गिऱ्हाइकाकडूनही नाही. का ते विचारू नका, शीटमध्ये त्याला रकाना नव्हता.

तर शुभा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी वाकळ न्यायला येणार होती. सकाळपासून मी आरशासमोर पाठ केलं, "साडेचार हजार झाले गं शुभा." शीटपेक्षा कितीतरी कमी, पण स्टेपनीपासून लांब. सातशे वजा करून छप्पनने भागलं तर तासाला अडुसष्ट रुपये पडतात. तोंडाने सांगायला जमणार नाही म्हणून चिठ्ठीवर लिहिलं आणि वाकळेच्या घडीत सरकवून ठेवलं.

ती आली. वाकळ उलगडली, हात फिरवत वरच्या काठापर्यंत आली आणि भोकांपाशी थांबली. बोटाने एकेक भोक चाचपलं. बोलली काही नाही. मग नाक पुसून म्हणाली, "चहा कर." चहा झाला, नातवंडांचं बोलणं झालं, आणि निघताना पर्स उघडून "अगं, काय ते—" एवढं म्हणाली तोच मी "दूध ठेवलंय" म्हणून आत. बाहेर आले तर टेबलावर बंद पाकीट, आणि ती वाकळ कवटाळून जिन्यात.

पाकिटात तीन हजार एक. वरचा एक रुपया नाण्याचा, पाकिटाला चिकटवलेला.

वाईट वाटलं का? वाटलं. तासाला एक्केचाळीस रुपये, हे मी नको असताना मनातल्या मनात काढलंच. बँकेतली खोड. शिवाय आकडा सांगायची संधी तिने दिली होती, दूध माझं उतू जात होतं.

रात्री साडेनऊला फोन. "घडी उलगडली तर चिठ्ठी पडली. साडेचार! अगं, मग तोंडाने सांगायला काय झालं होतं? मी बाजारात विचारलं, तिथे तीन म्हणाले, म्हणून तीन घातले. मला वाटलं जास्तच देतेय."

"बाजारातली मशीनची असते," मी म्हटलं.

"ते मला काय माहीत? तू बँकेत होतीस ना?" आणि फोन ठेवला. मिनिटभरात माझा मोबाइल टिंगकन वाजला, चौदाशे नव्व्याण्णव जमा. एक रुपया तिने वळता करून घेतला होता. चौथीतही ती अशीच होती.

दिवाळीनंतर ती पुन्हा दारात. हातात तशीच पिशवी, तसाच डांबराच्या गोळ्यांचा वास.

"या सासूबाईंच्या," ती पिशवी खाली ठेवत म्हणाली. "यांना जाऊनही सहा महिने झाले. हे म्हणतात माझ्या आईची पण हवी. अर्ध्या इंचावर कशाला, एक-एक इंचावर घाल टाके. आणि ती कोपऱ्यातली फुलंबिलं राहू दे. आता काय ते सांग."

"अडीच हजार," मी म्हटलं. एका दमात.