खिसाभर मायफळं

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि इंग्लंडातली दुपार एकदम तोकडी होते. जेवणं आटपून, भांडी तशीच सिंकमध्ये टाकून बूट चढवले, तरच दोन-अडीच तासांचा उजेड हाती लागतो. त्या दिवशी कूम्ब हिलवरून वेंडोव्हरकडे उतरत होतो. सूर्य बीच नावाच्या झाडांमागे कललेला, वाटेवर चिखल, बुटांच्या तळाला पानांचे थर. कुंपणात एक कोवळा ओक होता. पानं बरीचशी झडलेली, त्यामुळे काड्यांवरच्या तपकिरी गोळ्या लांबूनही दिसत होत्या. वाळलेल्या बोराएवढ्या, गुळगुळीत. मी चार-सहा तोडल्या आणि कोटाच्या खिशात टाकल्या. पुढे चाललेला नवरा मागे वळूनही न बघता म्हणाला, "झालं सुरू."

मला रिकाम्या हातानं घरी येता येत नाही. इंग्रज माणसाला येतं. त्याला बहुतेक वेळा कुठे जायचंच नसतं. गाडी लावली तिथून निघायचं, शेतं, मेंढ्या, एखादं जुनं चर्च असं करत पाच-सहा मैलांचं रिंगण पुरं करायचं आणि परत त्याच गाडीशी यायचं. वाटेत एखादा पब लागला तर ठीक. त्याची तयारी मात्र चढाईला निघाल्यासारखी. ऑर्डनन्स सर्व्हेचा नारिंगी वेष्टणाचा नकाशा, त्यात चार सेंटिमीटरला एक किलोमीटर, शेताशेतामधलं कुंपणसुद्धा दाखवलेलं. पायवाटेला पिवळा बाण, घोड्यांच्या वाटेला निळा. वाट कुणाच्या खाजगी शेतातून जाते, कधी थेट कुणाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून जाते, आणि आतली बाई भांडी घासता घासता हात हलवते. लोकांचा तिथून चालण्याचा हक्क नकाशावर नोंदलेला असतो, शेत कुणाचंही असो. हे सगळं मला मनापासून आवडतं. फक्त शेवटी गाडीशी पोचल्यावर वाटतं, बरं, आणलं काय?

आमचे अण्णा साताऱ्यात रोज संध्याकाळी फिरायला जात, पण पँटच्या खिशात घडी घातलेली कापडी पिशवी असायचीच. "जाताच आहात तर" हे आमच्या घराचं घोषवाक्य होतं. जाताच आहात तर कोथिंबीर आणा, जाताच आहात तर चक्कीवरचं दळण बघा. अजिंक्यताऱ्यावर चढून गेले तरी उतरताना मंडईवरून येत. एकदा नुसतेच आले, तर आजीनं दारातच विचारलं, "का रे, मंडई बंद होती?"

त्यामुळे माझे खिसे. शरदात तर धरबंदच राहत नाही. हॉर्स चेस्टनटची चकचकीत फळं, टोपीसकट ओकची फळं, बीचची काटेरी टरफलं, चुनखडीच्या डोंगरातून निसटून वाटेवर आलेला एखादा चकमकीचा दगड. कोट खुंटीवर एका अंगाला कलतो. आणि इथल्या लोकांनाही एकेकाळी हे वेड होतंच की. लावलेलं होतं म्हणा. १९१७ साली सरकारनं शाळकरी पोरांकडून हॉर्स चेस्टनटची फळं पोत्यांनी गोळा करून घेतली होती, दारूगोळ्याला लागणारं ॲसिटोन काढायला. दुसऱ्या महायुद्धात संत्री मिळेनाशी झाली तेव्हा पोरं रानगुलाबाची लाल फळं वेचायला निघाली, क जीवनसत्त्वासाठी त्यांचा गोड पाक करायचा म्हणून. म्हणजे देशावर संकट असलं की वाकायचं, एरवी हात मागे बांधून चालायचं.

कायदा माझ्या बाजूनं आहे, हेही सांगून ठेवते. इथल्या १९६८च्या चोरीच्या कायद्यात म्हटलंय की रानात आपोआप उगवलेल्या झाडाचं फूल, फळ, पाला किंवा अळंबी कुणी स्वतःपुरती तोडली तर ती चोरी नाही. विकायला तोडली तर चोरी. आता ओकवरची ही गोळी यातलं नेमकं काय? ती फूल नाही, फळ नाही, पाला तर नाहीच. एक बारीकशी गांधीलमाशी ओकच्या कळीत अंडं घालते आणि झाड त्या अळीभोवती ही गाठ वाढवतं. अळी आतच खाते, आतच मोठी होते आणि शेवटी टाचणीनं पाडल्यासारखं भोक पाडून उडून जाते. म्हणजे मी खिशात घातली ती कुणाची तरी रिकामी खोली. त्याला कुठलं कलम लागतं, मला माहीत नाही. मी आपली भोक पडलेल्याच गोळ्या घेते. भोक नसेल तर आत कुणी राहत असेल. ही माशीसुद्धा मूळची इथली नव्हे. १८३०च्या सुमारास या गाठी मुद्दाम बाहेरून डेव्हनमध्ये आणल्या, त्यांच्या रसावर कापडं रंगवायला आणि शाई करायला, आणि माशी कायमची राहिली. परत जायची तिकिटं काढणं काही सगळ्यांनाच जमत नाही.

एका ठिकाणी मात्र मी वाकत नाही. रिजवे नावाची जुनी वाट कूम्ब हिलवरून पुढे जाते ती थेट चेकर्सच्या, म्हणजे पंतप्रधानांच्या गावाकडच्या बंगल्याच्या, गाडीरस्त्याला ओलांडून. चालायचा हक्क आहे, तोही पंतप्रधानांच्या अंगणातून, पण खांबांवर कॅमेरे आहेत. तिथे कितीही देखणं फळ पडलेलं असलं तरी मी मान ताठ ठेवून जाते.

तर ती गोळी. घरी येऊन खिसा टेबलावर उपडा केला, एक गोळी बोटांत फिरवली, आणि बोटांना ती ओळखीची वाटली. मायफळ! अगदी सख्खं नव्हे, चुलत. घरचं मायफळ जड असायचं, अंगावर बारीक टेंगळं. ही गोळी हलकी आणि तुळतुळीत. पण दोघींचं कुळ एकच, तेही तिकडे तुर्कस्तान-इराणकडच्या ओकवर असंच माशीच्या अंड्याभोवती वाढतं. आजीनं जन्मात ओक पाहिलेला नव्हता, पण मायफळ तिच्या पितळी डबीत कायम.

धाकटा भाऊ झाला तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. सकाळी त्याची अंघोळ झाली, धुरी झाली की आजी घुटी उगाळायला पाय पसरून बसायची, पुढ्यात सहाण. सहाणेवर आईच्या दुधाचे चार थेंब. ती नाव घ्यायची आणि मी डबीतून ती वस्तू काढून द्यायची, हे माझं काम. "वेखंड." एक वेढा. "हळकुंड." दोन वेढे. "मुरुडशेंग. जायफळ. आता मायफळ दे." वेढे मोजताना ती ओठ हलवायची, आवाज नसायचा. प्रत्येक वस्तू एका बाजूनं झिजलेली होती. वेखंड तिरकं, बदाम चपटा. मायफळाला झिजून झिजून एक सपाट गाल आला होता, त्यामुळे ते गोल असूनही डबीत गडगडत नसे. एकदा तिची पाठ वळल्यावर मी ते चाटून बघितलं. जीभ अशी आकसली की दुपारपर्यंत जेवणाला चव नव्हती. आजीला कसं कळलं कोण जाणे. म्हणाली, "आता आठ दिवस पोट बिघडायचं नाही तुझं."

तोच तुरटपणा शाईला लागतो. गोळ्या खलबत्त्यात कुटल्या. हा खलबत्ता मी विमानातून आणलाय आणि वजनासाठी दोन साड्या मागे ठेवल्यात. कूट पावसाच्या पाण्यात भिजत घातला. पावसाच्या पाण्याला इथे तोटा नाही. आठवडाभरात बरणीत काळ्या चहाच्या रंगाचं पाणी झालं, ते जुन्या पंच्यातून गाळलं. मग हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार. ती इथे बागकामाच्या दुकानात मिळते, लोक हिरवळीतलं शेवाळ मारायला नेतात. हिरवट खडे पाण्यात विरघळवून त्या तपकिरी पाण्यात ओतले आणि डोळ्यांदेखत, अक्षरशः चमचा फिरतो तेवढ्यात, सगळं जांभळट काळं झालं. वर चिमूटभर डिंक, लाडवांसाठी आणलेल्यातला.

यात नवल काही नाही. लोखंडी विळीवर केळफूल चिरलं की आईची बोटं अशीच काळी व्हायची, म्हणून ती आधी हाताला तेल लावायची. तुरट रस आणि लोखंड. आवळा चिरला तरी तेच. आमच्या स्वयंपाकघरात जे डाग म्हणून घासून काढलं जायचं, त्यानंच १२१५ साली मॅग्ना कार्टा, म्हणजे इथल्या राजाला वेसण घालणारी सनद, लिहिली गेली.

टाक बुडवून पहिली रेघ ओढली तर ती फिकी राखाडी. मी जराशी खट्टू. चहा करून आले तोवर ती काळी झाली होती. हवा लागली की ही शाई कागदावर पिकते. पुढे जाऊन ती कागद खातेही. जुन्या कागदपत्रांत कधीकधी अक्षरं गळून जाऊन त्यांच्या आकाराची भोकं उरतात.

मंगळवारी गावच्या हॉलमध्ये चित्रं काढायला जमतो आम्ही, बहुतेक साठीच्या पुढच्या बायका. सगळ्याजणी जलरंगात शरद रंगवतात, लालभडक आणि सोनेरी. इथला शरद इतका भडक नसतो हो. दहातले आठ दिवस तो चिखल, धुकं आणि तपकिरीच्या पंधरा छटा असतो, आणि मला तो तसाच आवडतो. मी शाईची बाटली दाखवली. एकीनं फार मायेनं विचारलं, "आणि याचं तू काय करणार आहेस?" या प्रश्नानं माझं डोकं फिरतं. प्रदर्शन, भेटकार्डं, एखादा छोटा धंदा? धंदा केला तर ती चोरी होईल, असं मी तिला १९६८च्या कायद्यासह सांगितलं. तिला ते पटलेलं दिसलं नाही.

आजवर त्या शाईनं मी लोणच्याच्या बरण्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या, वाणसामानाची यादी लिहिली (मेथी, मिळाली तर), आणि एकदा पाकिटाच्या पाठीमागे ओकची एक काडी काढली, ती बरी आली. परवा मात्र जाड कागद घेतला आणि आजीची घुटी लिहायला बसले. कुणाला द्यायची नाही. हल्ली डॉक्टर नकोच म्हणतात तान्ह्या बाळांना असलं काही. लिहून ठेवावी, एवढंच. वेखंड एक वेढा, हळकुंड दोन, बदाम तीन, खारीक तीन. जायफळ अर्धा. आणि मायफळ? एक का दोन? ओठ हलताना दिसतात तिचे, आकडा ऐकू येत नाही. आई असती तर सांगितलं असतं.

शेवटी भावाला पुण्याला फोन लावला. त्याच्याकडे रात्रीचे अकरा वाजले होते. तो म्हणाला, "मला काय विचारतेस, ताई? मी तर पीत होतो."