मागाशेजारची गिटार

तीच गिटार चौथ्यांदा दुकानात आली तेव्हा त्या पोराला मी हाकलायच्याच बेतात होतो.

नवी पेठेत माझं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे. पोट चालतं ते पेटीवर. इलेक्ट्रिक गिटारी अलीकडे यायला लागल्या, बहुतेक ऑनलाइन मागवलेल्या. दमट हवेतून आलेली नेक, म्हणजे गिटारीचा दांडा, एप्रिलात सोलापूरला पोचली की लाकूड आकसतं, तिच्यावरच्या फ्रेटची, म्हणजे आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं कडेनं बाहेर डोकावतात आणि बोटं सोलून निघतात. मग गिऱ्हाईक म्हणतं, "काका, माल डिफेक्टिव्ह आलाय." माल बरा आहे रे बाबा, बाहेरचं ऊन बघ.

हा पोरगा पूर्व भागातला, बारावीचा. तक्रार अशी की जाड तीन तारा खुंट्यांजवळच्या फ्रेटवर खरखरतात. बघितलं तर कुणीतरी व्हिडिओ बघून ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक ठरवणारी आतली सळई, आवळून ठेवलेला. या व्हिडिओवाल्यांनी जितक्या नेक बिघडवल्यात तितक्या उन्हानंही बिघडवल्या नसतील. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावायचा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबायची, मग ती ताणलेली तारच सरळ मोजपट्टीचं काम करते. आठव्या फ्रेटच्या डोक्यावर आणि तारेच्या पोटाखाली फिलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पात्यांचं, पाव मिलिमीटरचं पान अलगद सरकलं पाहिजे. इथं साधा कागदही जाईना. रॉड पाव फेरा सैल केला, सूर लावले, रात्रभर ठेवली. सकाळी पुन्हा सूर लावून मोजलं, पान सरकलं. चौदावा फ्रेट शेजाऱ्यांपेक्षा उंच होता, तो घासून पॉलिश केला. बाराव्या फ्रेटवर ॲक्शन, म्हणजे तारेची फ्रेटपासूनची उंची, जाड तारेला १.६ मिलिमीटर, बारीक तारेला १.२. शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागतो का ते. वाजवून बघितली, लोण्यासारखी.

आठवड्यानं परत. "काका, अजून घासतंय." मी वाजवली, काही नाही. त्यानं वाजवली, जरा झर्र झालं, पण ॲम्पमधून ऐकू येत नव्हतं. म्हटलं, इलेक्ट्रिकला एवढं चालतं. तरी ॲक्शन किंचित उचलली. तिसऱ्या वेळी, खोटं कशाला सांगू, मी काहीच केलं नाही. एक रात्र खुंटीला टांगली आणि "केलं बघ" म्हणून दिली.

माझा कान खरखरीला तयार आहे, हा माझा माज. मिरजेत दोन वर्षं तानपुऱ्याची जवारी काढायला शिकलोय. तिथं तार घोडीवर घासून झणझणावी म्हणून जीव काढायचा, इथं घासू नये म्हणून. त्यामुळे हा पोरगा मला खरखर शिकवतोय, याचाच राग जास्त होता.

चौथ्या वेळी म्हटलं, "चल, तुझ्या घरीच बघू."

घर म्हणजे पुढं दोन खोल्या आणि मागं पत्र्याखाली टॉवेलचे चार माग. मध्ये एक विटेची भिंत. आत शिरताच पायाखालची फरशी थरथरायला लागली. वडिलांनी ओरडून विचारलं, "मास्तर, चहा घेणार की?" मला ओठांवरून कळलं. पोरगा कॉटवर बसला. ॲम्प नव्हताच, बारावी झाल्यावर मिळणार होता. त्यानं मान वाकवली, जबडा गिटारच्या अंगाच्या वरच्या शिंगासारख्या टोकावर टेकवला आणि वाजवायला लागला. हाडातून ऐकत होता! आणि हात? दुकानात लाजून वाजवणारा तोच पोरगा इथं तारांना धोट्यासारखा फटके मारत होता. मी कान लाकडाला लावला. प्रत्येक फटक्याला जाड तार फ्रेटवर आपटत होती, खरखर थेट जबड्यात.

तेवढ्यात वीज गेली. माग थांबले. पोरगा वाजवतच होता, आणि तीन-चार ठोक्यांत त्याचा हात आपोआप हलका झाला. खरखर नाहीशी. त्याला स्वतःला काही कळलंच नाही. वर बघून म्हणाला, "बघा ना, तुम्ही आलात की होत नाही!"

सेटअप त्याच कॉटवर केला, वीज आल्यावर, माग चालू असताना. ९च्या तारा काढून १०च्या, म्हणजे जरा जाड, घातल्या. जाड तारांचा ताण वाढला, नेक थोडी पुढं ओढली गेली, म्हणून रॉड नावापुरता आवळला. नटच्या, म्हणजे खुंट्यांकडच्या पट्टीच्या, खाचा तारांना बसतील एवढ्याच रुंद केल्या. मग सॅडल, तार दुसऱ्या टोकाला जिच्यावर टेकते ती घोडी. तिथं एक मिलिमीटर उचललं तर बाराव्या फ्रेटवर अर्धाच मिळतो, हे नवशिक्यांना कधी पटत नाही. या स्क्रूचा एक फेरा अर्ध्या मिलिमीटरचा. जाड तार दोन मिलिमीटरपर्यंत नेली. दुकानात एवढी उंच ॲक्शन कुणी दाखवली तर मी नाक मुरडलं असतं. त्याला म्हटलं, हाण आता. त्यानं हाणली. जबडा टेकवून मीही ऐकलं.

पैसे घेतले नाहीत. तिसऱ्या वेळचे घेतले होते, त्याचं काय करायचं हे अजून ठरत नाही. इतकी वर्षं मी प्रत्येक गिटार माझ्या हातानं, माझ्या दुकानाच्या शांततेत वाजवून 'झाली' म्हणत आलोय. आता गिऱ्हाइकाला आधी विचारतो, घरी कुठं बसून वाजवतोस? लोक वेड्यासारखं बघतात.

जूनमध्ये तो पुण्याला हॉस्टेलवर जाणार आहे. तिथं माग नाहीत, ही ॲक्शन त्याला उंच पडेल. सॅडलचे स्क्रू फिरवायची दीड मिलिमीटरची ॲलन की त्याच्या कव्हरच्या खिशात टाकून दिली. "किती फिरवायची?" म्हणाला. म्हटलं, आधी आठवडाभर वाजव तिथं. मग फोन कर, आणि फोन गिटारजवळ धर.