तुम्ही विचारलंत म्हणून: "ताई, आमचं पोर मारकुटं आहे का?"

अंगणवाडीतून पोरांना न्यायला आलेल्या आया दारातच विचारतात, "ताई, आज पण मारलं का यानं कुणाला? डॉक्टरला दाखवू का?" दारात उभ्या उभ्या मी उत्तर देत नाही, याचा काहींना राग येतो. म्हणून एकदा नीट लिहिते.

मारकुटा, हट्टी, द्वाड हे शब्द मी वहीत लिहीत नाही. असा शब्द एकदा चिकटला की मूल नेमकं काय करतंय ते कुणी बघतच नाही. मी तीन रकाने आखते: आधी काय घडलं, मुलानं काय केलं, नंतर काय झालं. शेजारी वेळ. निदान दोन आठवडे. 'चिडला' असंही नाही. 'पुढच्या मुलीच्या दंडाला चावला, दातांचे वळ उठले' असं.

मागच्या वर्षी साडेतीन वर्षांचा एक मुलगा होता. दोन आठवड्यांत 11 नोंदी. त्यातल्या 8 एकाच वेळच्या, खिचडीआधी हात धुवायच्या रांगेतल्या. नळ एक, मुलं 26. हा मागे उभा असला की पुढच्याला ढकलायचा, नाहीतर चावायचा. एवढं तर वहीशिवायही ठाऊक होतं. पण तिसरा रकाना वाचताना मला धक्का बसला. आठही वेळा माझ्याच अक्षरात होतं, 'उचलून नळापाशी नेलं.' चावलं की नंबर लागतो, हे त्याला मीच शिकवत होते.

मग आम्ही रांगच बंद केली. सहा-सहा मुलं नळावर, बाकीची मदतनीस ताईंजवळ गाणी म्हणत. त्या मुलाला पूर्ण वाक्य अजून जमत नव्हतं, म्हणून 'आता माझा नंबर' एवढंच रोज त्याच्याबरोबर म्हणायचे. त्यानं म्हटलं की लगेच नळ. पुढच्या तीन आठवड्यांत चावल्याची एकच नोंद आहे.

डॉक्टरकडे कधी जायचं, तेही वही बघूनच ठरवते. ठरावीक वेळी, ठरावीक जागी घडत असेल तर आधी आपण बदलून बघायचं. पण हाक मारली तरी मूल वळत नाही, येत असलेले शब्द बोलेनासं झालंय, स्वतःचं डोकं भिंतीवर आपटतंय, तर दोन आठवडे थांबू नका. सारख्या सर्दीनं कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं, कमी ऐकू येतं, आणि 'ऐकत नाही' म्हणून ते लेकरू बिचारं ओरडा खातं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याचं तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पथकाची वाट न बघता सरकारी दवाखान्यात गेलात तरी चालेल, फक्त वहीतल्या नोंदी सोबत न्या.

आणि दारात मीच तुम्हाला उलट विचारते ते याचसाठी. रात्री कधी झोपला? काय खाऊन आला? घरी असं करतो तेव्हा समोर कोण असतं? त्या मुलाच्या आईनं मग कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर आठवडाभर लिहून आणलं. तिनंही तीन रकाने आखले होते. तिसऱ्यात बहुतेक ठिकाणी एकच होतं: 'मोबाइल दिला.'