नदी उतरली, पंप बंद

जानेवारी म्हणजे इथे न्यूझीलंडच्या कॅन्टरबरीत भर उन्हाळा. वायव्येचा कोरडा वारा सुटलेला, गवत पिवळं पडत चाललेलं, आणि परवा सकाळी मी काम करतो त्या डेअरीच्या मालकानं फोनवर नदीचा प्रवाह पाहून पंप बंद केला. प्रवाह ठरलेल्या आकड्याखाली गेला की उपसा थांबवायचा, ही परवान्यातलीच अट. शेजाऱ्यांचेही पंप बंद.

न्यूझीलंडमध्ये हे रीजनल काउन्सिल, म्हणजे निवडून आलेली प्रादेशिक परिषद बघते. १९८९ साली त्यांच्या हद्दी मुख्यतः नद्यांच्या खोऱ्यांप्रमाणे आखल्या. १९९१च्या कायद्यानं शेतीच्या उपशाला परवाना लागतो; घरच्या आणि जनावरांच्या पिण्याला सूट. २०१०च्या नियमानं सेकंदाला पाच लिटर किंवा जास्त पाण्याचा परवाना असेल तर मीटर आलाच. आमच्या पंपाच्या पाइपावर तो बसवलाय. येताजाता त्याचे फिरते आकडे बघत उभा राहतो, आणि अमरावती जिल्ह्यातलं आमचं वरुड आठवतं.

काकांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "आपल्या वावरातलं पानी, आपल्या पैशानं बोअर मारला, मंग सरकारनं काऊन मोजाव?" म्हणून काय झालं ते दिसतंच आहे! वरुड-मोर्शीचं भूजल सरकारदरबारी अतिशोषित, म्हणजे मुरतं त्याहून जास्त उपसलेलं. एकाचा बोअर हजार फुटांकडे निघाला की शेजारच्याची विहीर आटते, आणि पोटच्या पोरासारखी वाढवलेली संत्र्याची झाडं उभी वाळतात. आपला भूजल कायदा २००९चा आहे. पण आमच्या शिवारात मीटर मी पाहिला नाही.

तरी लगेच तिकडचे शहाणे, आपण अडाणी असं म्हणू नका. शेकडो हेक्टरवाला आठवडाभर पंप बंद ठेवू शकतो, चार एकर संत्र्यावाला नाही. कॅन्टरबरीच्या भूजलात डेअरीमुळे नायट्रेट वाढलंय. २०१० मध्ये सरकारनं इथलं निवडून आलेलं काउन्सिलच बाजूला सारून आयुक्त नेमले; पूर्ण निवडणूक व्हायला २०१९ उजाडलं. आणि गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेनं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, २०११ पासून आपला बांबू आपण विकला. मालकाला हे अभिमानानं सांगितलं.

गाव सोडलेल्यानं बोलू नये, असं घरी म्हणतात. पण इथे गाई पिळून पाठवलेल्या पैशातूनच टँकर लागले आणि बाग तगली. मी बोलणार. बांबूचं जमतं तर पाण्याचंही जमेल: वरुडच्या चुडामण नदीकाठच्या ग्रामसभा एकत्र बसवा, पहिला मीटर आमच्या बोअरला लावा, पैसे मी देतो.

काका म्हणाले, "मृगाच्या संत्र्याचा माल निघू दे, मंग पाहू."